मेल्यावर जिंकणारे बॉक्सर

आमच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी नागपूरचे माजी बॉक्सर जमत. 'माजी' हा शब्द माझा. त्यांच्यातल्या एकालाही तो मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं असं की बॉक्सिंग आपण सोडलेलंच नाही; गुडघे, चष्मा, ब्लडप्रेशर आणि पोरींची लग्नं अशा किरकोळ कारणांमुळे रिंगमध्ये उतरणं तेवढं लांबलं आहे. मी महापालिकेच्या शाळेत तिसरीचा वर्ग शिकवत होते. सोमवार ते शनिवार ती पोरं आणि रविवारी ही पोरं, असा माझा आठवडा होता. वर्गातली पोरं निदान 'गप्प बसा' म्हटलं की घटकाभर तरी गप्प बसत.

या मंडळींनी साठ सालानंतरच्या काही वर्षांत बॉक्सिंग केलं. कोणी रेल्वेत होता, कोणी पोलिसात, कोणी कापडाच्या गिरणीत. जागा मिळेल तिथे लढती होत. कधी रेल्वे वसाहतीतल्या नाचाच्या हॉलमध्ये, कधी पोलिसांच्या मैदानावर मांडव टाकून. एकदा तर महाल भागातल्या एका आखाड्यात फळ्या अंथरून रिंग बांधली होती. तिथले म्हातारे वस्ताद शेवटपर्यंत बसून पाहत होते आणि शेवटी म्हणाले, "इतका वेळ झाला, पण एकानं दुसऱ्याले धरलं नाही. हे कसले गडी?" हा किस्सा आमच्या ओसरीवर वर्षातून पाचसहा वेळा तरी व्हायचा आणि दर वेळी सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.

पण खरी जागा म्हणजे सदर बाजारातला हॉल. इंग्रजांच्या वेळचा, लाकडी जमिनीचा, वर तिन्ही बाजूंनी गॅलरी. त्याचं नाव निघालं की यांचे आवाज आपोआप खाली येत. माझं लग्न झालं तेव्हा त्या हॉलात तीनशे माणसं मावत होती. घरोघरी रंगीत टीव्ही आला तोवर तीन हजार मावायला लागली होती. हॉल तेवढाच होता. लढतींचंही तसंच. दर वर्षी एखादा दात जास्त पडायचा, एखादी बरगडी जास्त मोडायची. मी एकदा हिशेब करून पाहिला, तर यांनी सांगितलेले पडलेले दात सगळ्या सदर बाजारात मिळून नसतील.

आमचे हे हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. पहाटे कंपनीच्या बसने जायचे, दुपारी परत. बॉक्सर म्हणून यांचा लौकिक दोन गोष्टींसाठी होता. एक, डावा हात. दुसरी, बसणं. म्हणजे असं की दोन राउंडच्या मध्ये कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायला मिळतं, तेवढ्या वेळात यांच्या मनाने घेतलं की आपण हरतो आहोत, तर हे पुढच्या घंटेला उठतच नसत. समोरचा नाचतो आहे, पंच हाका मारतो आहे, शिकवणारा वस्ताद कानाशी शिव्या देतो आहे, आणि हे टॉवेल मांडीवर घेऊन निवांत. संसारातही यांनी ही शिस्त सोडली नाही. कॅरममध्ये दोन सोंगट्या मागे पडले की बोर्डावरून उठून पान खायला जात. युनियनच्या निवडणुकीत उभे राहिले आणि समोरच्याची मिरवणूक मोठी दिसली म्हणून अर्ज मागे घेतला. रात्रशाळेत डिप्लोमाला नाव घातलं, पहिल्या परीक्षेत गणितात लटकले, आणि मग ती सायकल पुन्हा कधी त्या रस्त्याने गेली नाही. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षातच मला कळलं की या माणसाला 'तू हरतो आहेस' हे कळू द्यायचं नाही. बाकी सगळं चालतं.

मागे पडलेले असताना फक्त एका लढतीत हे तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या राउंडला उठले होते. ती सदरच्या हॉलातली फायनल. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीची, म्हणजे मी ती पाहिली नाही. पण माझ्या स्वतःच्या लग्नातलं मला जितकं आठवत नाही तितकं त्या लढतीतलं पाठ आहे. समोर होते भाऊजी. भाऊजी म्हणजे यांचे लहानपणापासूनचे जिवलग मित्र. सदरला त्यांचं टेलरिंगचं दुकान, फक्त पँटी शिवायचे. एवढे मोठे त्यांचे पंजे की सुई त्यांच्या हातात दिसायचीच नाही. फायनल भाऊजींनी पॉइंटवर जिंकली. त्याचं पदक दुकानात शिलाई मशीनच्या वर खिळ्याला टांगलेलं असायचं, मशीनच्या तेलाने काळं पडलेलं.

हे ती हार मानायला तयार नव्हते. वीस वर्षं नव्हते.

"अजून दहा सेकंद भेटले असते, त हा दोरीवर वाळत राहिला असता," हे सुरू करायचे.

"हारला तू," भाऊजी चहाच्या कपातून मान वर न करता म्हणायचे. "पॉइंटवर हारला. पेपरात आलं होतं."

"घंटा लवकर वाजली."

"घंटा बरोबर वाजली," असं मग घंटावाले काका म्हणायचे. काकांनी उभ्या जन्मात एक ठोसा मारला नव्हता की खाल्ला नव्हता. ते रिंगबाहेर टेबलाशी बसून घड्याळ बघून घंटा वाजवायचे. त्यामुळे बॉक्सिंगवर सगळ्यात अधिकाराने तेच बोलत. "घड्याळ विलायती होतं माझं. सूर्य चुकन, थे घड्याळ नाही चुकणार."

इथून पुढे तासभर मला पोहे करायला मोकळीक मिळायची.

आता या मंडळींची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. त्यांच्यातला पहिला गेला तो पोलिसातला हवालदार, हेवीवेट. शाळेच्या एका खोलीत शोकसभा झाली. मीच खोली मिळवून दिली होती. सभेत एकजण उठला आणि गहिवरून म्हणाला की अमुक लढतीत पंचांनी मला जिंकवलं, पण खरा जिंकला होता तो हवालदार. ते ऐकून दुसरा उठला. तोही हरला होता. मग तिसरा. वास्तविक त्या हवालदाराने आयुष्यात एकच लढत जिंकली होती, तीही समोरच्याची गाडी लेट झाली म्हणून. पण त्या संध्याकाळी त्याचा रेकॉर्ड असा सुधारला की त्याची बायको मला हळूच म्हणाली, "बाई, हे एवढे जितत होते हे मले माहीत असतं, त मी यांले जरा भिऊन राहिली असती."

तेव्हापासून रिवाजच पडला. बॉक्सर गेला की त्याच्या एखाद्या जुन्या प्रतिस्पर्ध्याने शोकसभेत उभं राहून त्याला एक लढत देऊन टाकायची. ते यालाच 'लढत देणं' म्हणत. जिवंतपणी मात्र कोणी कोणाला काही द्यायचं नाही. जिवंत माणसाला त्याची प्रत्येक हार दर रविवारी आठवून द्यायची, अगदी चहा देतात तशी. नागपुरात बॉक्सरची खरी कारकीर्द मेल्यावरच सुरू होते, असं मी एकदा म्हटलं. घंटावाल्या काकांना ते इतकं आवडलं की पुढच्या शोकसभेत त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

तर त्या वर्षी दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर जाऊन आलो, आणि पुढच्या रविवारी या लोकांच्या डोक्यात आलं की सदरच्या हॉलात जाऊन घंटेचा निकाल लावून टाकायचा. हॉलात तोवर फर्निचरचं दुकान झालं होतं. मला धागा घ्यायचा होता म्हणून मीही निघाले. आत शिरताच काकांनी गल्ल्याशेजारची खुर्ची ओढली आणि टेबल इथेच होतं असं जाहीर केलं. बाकीचे कोपरे शोधायला लागले. निळा कोपरा एका लोखंडी कपाटाच्या मागे सापडला. लाल कोपऱ्यात ड्रेसिंग टेबल होतं, आणि रेल्वेवाले एक गृहस्थ त्याच्या आरशात बघून खांदे हलवू लागले. टाय लावलेला विक्रेता आला आणि म्हणाला, "डबल बेड वर आहे साहेब, गॅलरीत."

"गॅलरीत हजार लोक होते," कोणीतरी त्याला सांगितलं.

"आता आठ पलंग आहेत," तो म्हणाला. एवढंच त्या दिवशी दुकानात कोणी खरं बोललं.

मग सोफ्यांच्या मधल्या जागेत यांनी आणि भाऊजींनी तिसरा राउंड करून दाखवायला घेतला. दोघं पन्नाशीकडे आलेले. काकांनी घड्याळ हातात धरलं. हे डावा हात वर करून पुढे सरकले, भाऊजी मागे. दुकानातली गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. आणि मध्येच हे पोट धरून मागच्या सोफ्यावर बसले.

"पाहा!" भाऊजी आनंदाने ओरडले. "बसला! अजून बी बसते हा!"

सगळे खो खो हसले. विक्रेता धावत आला आणि हा तीन सीटर आहे, हप्त्यानेही देतो, असं यांना सांगू लागला. मी यांच्या समोर होते. यांच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ पांढरे पडले होते. पोट पहिल्यांदा दुखलं नव्हतं हे तेवढ्यात मला कळलं.

धरमपेठच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, एक्स-रे काढले, आणि मला एकटीला आत बोलावलं. त्या काळी असला आजार पेशंट सोडून सगळ्यांना सांगत. डॉक्टरांनी मला सांगितलं, मी दिराला, दिराने जावेला, तिने शेजारी. दिवाळीच्या आत आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही माहीत होतं की पोटात गाठ आहे आणि ती कापण्यापलीकडे गेली आहे. यांना सांगितलं की अल्सर आहे.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. "बाई, औषधापेक्षा जेवण महत्त्वाचं. जोवर जेवताहेत तोवर बरे दिवस जातील. ज्या दिवशी जेवण सोडतील, त्या दिवशी माझ्याही हातात काही राहणार नाही." दुसऱ्या एखाद्या बाईला यात जेवणाची गोष्ट ऐकू आली असती. मला ते स्टूल दिसलं. हरलो हे कळायचा अवकाश, की हा माणूस बसणार होता. मग ताट समोर ठेवा नाहीतर ठेवू नका. म्हणून मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता ठरवून टाकलं: यांना कळू द्यायचं नाही. दुसरं काही माझ्या हातात नव्हतंच.

नातेवाइकांना मी सांभाळलं. नातेवाइकांना खोटं बोलायची सवय असते. अडचण होती ती या बॉक्सरांची. मी सगळ्यांना सांगून ठेवलं की रविवारी यायचं, नेहमीसारखं बसायचं, नेहमीसारखं भांडायचं, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. तोंडावर ठोसे खाल्लेली ही माणसं, चेहरा लपवणं यांना अवघड जाऊ नये असं मला वाटलं.

पहिल्या रविवारी सगळे आले ते इस्त्रीचे कपडे घालून. एकाने सफरचंदं आणली. रेल्वेवाल्यांनी यांच्या पाठीमागे उशी ठेवली. ज्यांना मी वीस वर्षांत एकमेकांना 'बस' म्हणताना ऐकलं नव्हतं, ते 'तुम्ही आधी बसा' करू लागले. यांनी घंटेचा विषय काढला, तर घंटावाले काका म्हणाले, "असन बुवा. माणूस आहे, चुकते कवाकवा." सूर्य चुकेल पण माझं घड्याळ नाही म्हणणारा माणूस! भाऊजी कपात बघत बसले होते, त्यांच्या तोंडून 'हारला' निघेना.

यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "काहून बे? आज कोणीच भांडून नाही राहिलं? कोणी मेलं का?"

रेल्वेवाले उठून अंगणात गेले आणि पपईच्या झाडाकडे तोंड करून नाक शिंकरू लागले.

मी एकेकाला काही ना काही निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं आणि अशी झाडली की माझ्या वर्गातल्या पोरांनाही तशी कधी झाडली नसेल. "तुम्हाला रडायला बोलावलं नाही," मी म्हटलं. "रडायचं काम माझं आहे आणि मी ते सवडीने करीन. तुम्ही भांडा." काकांना बजावलं की घड्याळ चुकलं असं पुन्हा तोंडातून निघालं तर चहा बंद. शेवटी भाऊजी आले. ते दाराची चौकट धरून उभे राहिले.

"वहिनी, माह्याच्यानं नाही होत," ते म्हणाले. "त्याले पाहिलं का वाटते, देऊन टाका त्याची लढत. काय करतो मी त्या पदकाले?"

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्ही लढत दिली म्हणजे त्यांना काय कळेल?"

त्यांनी मान खाली घातली. लढत कोणाला देतात हे ओसरीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि यांना सगळ्यात जास्त. तो रिवाज पाडणाऱ्यांत हेच पुढे होते.

"ओठ शिवून घ्या," मी म्हटलं. "धंदा तुमचाच आहे."

त्यानंतर मात्र मंडळी तयार झाली. पुढच्या रविवारी काकांनी विलायती घड्याळाची अशी बाजू घेतली की कोर्टात वकील घेणार नाही. भाऊजी 'हारला तू' इतक्या जोरात म्हणाले की शेजारीण डोकावली. हे खूश. भांडून भांडून यांना भूक लागली आणि दुपारी एक भाकर जास्त खाल्ली. मग तर मी आठवड्याचं गणितच बसवलं. बुधवारी रेल्वेवाले यायचे, शुक्रवारी काका, रविवारी सगळे. जो येईल त्याने भांडण काढायचं आणि ऐन रंगात आलं की मी ताट आणायचं. सबंध थंडी मी या माणसाला भांडणावर जेवू घातलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, काय देता तुम्ही? तब्येत टिकवून धरली आहे त्यांनी." मी म्हटलं, "बॉक्सर देते."

तरी गाठ तिचं काम करतच होती. कारखाना सुटला. हे घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालू लागले. आणि पँटी सैल झाल्या. लुंगी नेसून पाहुण्यांसमोर बसणं यांना कमीपणाचं वाटे. पट्ट्याला खिळ्याने भोकं पाडून झाली, पण पँट कमरेवर पोत्यासारखी गोळा व्हायची. शेवटी यांनीच भाऊजींना निरोप धाडला की टेप घेऊन ये.

भाऊजी आले ते महाशिवरात्रीच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवणाच्या वेळेला. मी आत वरण फोडणीला टाकत होते. मला त्यात काही काळजीचं वाटलं नाही. माप घ्यायला आले होते, दुसरं काय? माझं एवढंच चुकलं की ज्या माणसाला मी तोंड शिवायला सांगितलं होतं, त्याला टेप घेऊन आत येऊ दिलं. भाऊजी यांचं माप वीस-पंचवीस वर्षं घेत होते. दर दिवाळीला एक पँट. या माणसाची कंबर त्यांच्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

"उभा राहा," असं ते म्हणाल्याचं मी ऐकलं. मग टेप सोडल्याचा आवाज. टेपवर आकडा आला की तो मोठ्याने बोलायची भाऊजींची सवय. तो आकडा आलाच नाही. मी फोडणीवर झाकण ठेवलं.

"तू जितला होता," भाऊजी म्हणाले.

"काय?"

"सदरच्या फायनलमंदी. तू जितला होता गा. घंटा लवकर वाजली होती. मले माहीत होतं."

मी धावत बाहेर आले. भाऊजी यांच्यासमोर गुडघ्यावर बसले होते, टेपची दोन्ही टोकं हातात तशीच. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि आपण काय करून बसलो ते त्यांना समजलं. मग त्यांनी जे केलं ते आठवलं की अजून मला हसू येतं आणि त्याच वेळी त्यांना दोन थपडा लगावाव्यात असंही वाटतं.

"नाही नाही," ते घाईघाईने म्हणाले. "मजाक केली. मीच जितलो होतो. पॉइंटवर. पेपरात आलं होतं. पाहिजे त काकाले विचार!" आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. एवढा धिप्पाड माणूस, यांच्या सैल पँटीत तोंड खुपसून.

यांनी खाटेची कड धरली आणि हळूहळू बसले. मी समजले की झालं, बसला हा माणूस. माझ्या सगळ्या थंडीचं मातेरं झालं. मला भाऊजींचा इतका राग आला की मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला सोळा वेळा सांगितलं होतं!"

"त्याले काहून रागावतं वं?" हे म्हणाले. मग भाऊजींच्या डोक्यावर टपली मारून, "ऊठ बे. तुही लढत तुह्यापाशीच ठेव. मीच हारलो होतो."

भाऊजींनी तोंड वर केलं.

"मले दुसऱ्याच राउंडमंदी समजलं होतं का हारून राहिलो," हे म्हणाले. "घंटा बरोबर वाजली. काकाचं घड्याळ बरोबर होतं. पण त्याले सांगू नका, त्याचा भाव वाढन."

"मंग तिसऱ्याले उठला काहून?" भाऊजींनी विचारलं. वीस वर्षं दर रविवारी ती लढत झाली, पण हा प्रश्न कोणी विचारलेला मला आठवत नाही.

"तू उभा होता ना तिकडं," हे म्हणाले. "एवढ्या लोकायसमोर एकटा काय करशीन, म्हणून उठलो."

आत वरणावरचं झाकण खडखडत होतं.

"आन् थे अल्सर बी राहू दे आता," हे माझ्याकडे पाहून म्हणाले. "मले दिवाळीतच समजलं."

"कोणी सांगितलं?" मी विचारलं. मनातल्या मनात मी रेल्वेवाल्यांना धरलं होतं.

"डॉक्टरनंच. अल्सरवाल्याचं तिखट बंद करते वं डॉक्टर. मले म्हणे, जे वाटन थे खा. तवाच समजलो."

म्हणजे सगळी थंडी या माणसाला माहीत होतं. काकांचं वकिली भाषण, शेजारणीला ऐकू जाणारं 'हारला तू', ऐन रंगात येणारं माझं ताट, सगळं हे समजून बघत बसले होते आणि वर जास्तीची भाकर मागत होते. मी ज्यांना नाटक शिकवलं त्या सगळ्यांपेक्षा यांचं नाटक चांगलं होतं. मला धड राग येईना, धड काही येईना.

"मंग बोलले काहून नाही मले?" मी म्हटलं. इतकी वर्षं मास्तरीण म्हणून शुद्ध बोलणारी मी, तेव्हा माझ्या आईसारखी बोलले.

"तुही मेहनत दिसत होती ना. एवढी पलटण शिकवून तयार केली तू. मी म्हणलं, चालू दे." मग हे म्हणाले, "आन् थे मोरीतलं बंद कर. रोज संध्याकाळी बादल्या वाजवत बसतं अर्धा घंटा, आन् बाहेर येतं त मोरी कोरडी ठक्क. रडाचं असन त इथं रड. मी काय परका आहो?"

मी तिथेच, खाटेच्या पायथ्याशी, फरशीवर बसले. भाऊजींचं थांबत आलं होतं, ते मला पाहून पुन्हा सुरू झाले. यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि शोकसभेचंही तेवढ्यात उरकून घेतलं. "आन् मी गेल्यावर कोणी उभं राहून मले लढती देऊ नका. मी जितलो तेवढ्या मले पुरे आहेत. दुसऱ्याच्या घेऊन कुठं ठेवू?" मग म्हणाले, "वरण करपून राहिलं वं."

मी उठून डोळे न पुसताच ताट वाढून आणलं. वरण-भात, लोणचं, अर्धी भाकर. भांडण लावायला त्या दिवशी कोणी शिल्लक नव्हतं. हे आम्हा दोन रडणाऱ्यांच्या मध्ये मांडी घालून बसले आणि सावकाश, प्रत्येक घासाला थांबत, अर्धं ताट जेवले. तेवढंच त्यांना जात होतं. मग भाऊजींच्या हातातली टेप काढून बाजूला ठेवली आणि ताट माझ्यासमोर सरकवलं.

"दिवाळीपासून नुसती वाढून राहिली तू," हे म्हणाले. "आता जेव."